वर्गात पारखलेले पुस्तक

फुलाच्या पाकळ्या अलगद बाजूला सारून आतले पुंकेसर मोजायचे, अंडाशय उभे चिरून बीजांडे बघायची, तर प्रयोगशाळेत त्यासाठी लाकडी मुठीची पोलादी सुई मिळते. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यातल्या सरकारी शाळांमध्ये सत्तरच्या दशकात मुलांनी हेच काम बाभळीच्या काट्याने केले. काटा शाळेबाहेरच्या झाडावर मिळायचा. तो पुरेसा टोकदार आणि ताठ असायचा. मोडला तर दुसरा तोडून आणता यायचा आणि त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये करावी लागत नसे.

पैसे वाचवायचे म्हणून केलेली ही सोय नव्हती. शाळेसाठी विज्ञानाचे साहित्य निवडताना कोणते प्रश्न विचारायचे, याचा तिथे मुळापासून विचार चालला होता. ही वस्तू चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येक गटाला पुरेल का? संपली तर पुढच्या आठवड्यात पुन्हा मिळेल का? ती हातात घेताना मास्तरांना भीती वाटेल का? तिच्यातून मुलाला स्वतःला काही दिसेल, की मास्तरांनी सांगितलेलेच खरे मानावे लागेल? ‘होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम’ या नावाने ओळखला जाणारा हा प्रयोग १९७२ ते २००२ अशी तीस वर्षे चालला. पाठ्यपुस्तक आणि प्रयोगसाहित्य कशावरून चांगले ठरवायचे, या प्रश्नाचे इतके कसून आणि इतक्या जणांनी मिळून शोधलेले उत्तर भारतीय शालेय शिक्षणाच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

त्याआधीचा काळ थोडक्यात पाहायला हवा. १९५७ साली सोव्हिएत संघाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि शाळेतले विज्ञान हा जगभर सरकारांच्या काळजीचा विषय झाला. अमेरिकेत त्याच्या आदल्याच वर्षी जेरॉल्ड झकारायस या भौतिकशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने शालेय भौतिकशास्त्राची फेरमांडणी सुरू झाली होती. तिला आता मोठे बळ मिळाले. इंग्लंडमध्ये नफिल्ड प्रतिष्ठानाने साठच्या दशकात हेच काम हाती घेतले. नामवंत शास्त्रज्ञ शाळेची पुस्तके लिहायला बसले आणि पुस्तकाबरोबर प्रयोगाचे साहित्य आले. भारतात १९६१ साली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषद, म्हणजे एनसीईआरटी, स्थापन झाली. कोठारी आयोगाने १९६६च्या अहवालात विज्ञान आणि गणित पहिल्या दहा इयत्तांत सर्वांना सक्तीचे करावे अशी शिफारस केली. युनेस्को आणि युनिसेफच्या मदतीने विज्ञानाच्या पेट्या तयार होऊ लागल्या. महाराष्ट्रात १९६७ साली पाठ्यपुस्तक निर्मितीसाठी बालभारती उभी राहिली.

पुस्तके निघत होती, पेट्या पोचत होत्या. त्यांची पारख मात्र बहुधा टेबलावर व्हायची. समितीपुढे हस्तलिखित यायचे. माहिती बरोबर आहे का, अभ्यासक्रमातले सगळे मुद्दे आले का, भाषा शुद्ध आहे का, पाने किती आणि किंमत किती, एवढे पाहिले जायचे. हे सगळे पाहायलाच हवे. पण पुस्तकात लिहिलेला प्रयोग खेड्यातल्या शाळेत, फुटक्या कौलांखाली, तासाच्या पस्तीस-चाळीस मिनिटांत होतो की नाही, हे समितीच्या खोलीत कळायला मार्ग नसतो. बाजारात मडके घेताना माणूस ते वाजवून बघतो. विज्ञानाच्या पुस्तकावर वर्गात टिचकी मारून बघण्याची रीत मात्र नव्हती. परिणाम सगळ्यांच्या ओळखीचा होता. परीक्षानळ्या कुलूपबंद कपाटात राहायच्या, कारण फुटल्या तर डेड स्टॉक रजिस्टरचा हिशेब मास्तरांच्या गळ्यात यायचा. मुले प्रयोगाची ‘कृती, निरीक्षण, अनुमान’ फळ्यावरून उतरवून पाठ करायची. निरीक्षणसुद्धा पाठ!

होशंगाबादच्या कामाचा एक उगम मुंबईत आहे. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात डून स्कूलचे शिक्षक बी. जी. पित्रे आणि त्यांच्यासारख्या काही विज्ञान शिक्षकांनी प्रयोगातून भौतिकशास्त्र शिकवण्याची सामग्री तयार केली होती. ती मुख्यतः साधनसंपन्न शाळांसाठी होती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या काही शास्त्रज्ञांनी हा विचार मुंबई महापालिकेच्या शाळांमध्ये नेला. कुलाब्याच्या अद्ययावत प्रयोगशाळेतून निघून हे लोक गिरणी कामगारांची, हमालांची, फेरीवाल्यांची मुले शिकत होती त्या वर्गांमध्ये जाऊ लागले. त्यांच्यात वि. गो. कुलकर्णी होते. पुढे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची उभारणी त्यांच्याच हातून झाली. संधी मिळाली तर महापालिकेच्या शाळेतले मूल प्रयोग करते, प्रश्न विचारते आणि निष्कर्षही काढते, हे मुंबईत दिसून आले. पण मुंबई झाली तरी शहर. खेड्यातल्या सरकारी शाळेत हे जमेल का, हा प्रश्न उरलाच.

होशंगाबाद हे नर्मदेच्या दक्षिण तीरावरचे गाव. आता त्याचे अधिकृत नाव नर्मदापुरम आहे. जवळ इटारसीचे मोठे रेल्वे जंक्शन आणि भोवती काळ्या मातीची शेती. शहरालगतच्या रसूलिया इथे क्वेकर पंथीयांनी सुरू केलेले फ्रेंड्स रूरल सेंटर होते. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, बनखेडीजवळ, ‘किशोर भारती’ ही नवी संस्था उभी राहत होती. तिचे संस्थापक अनिल सद्गोपाल हे टाटा संशोधन संस्थेतले रेणवीय जीवशास्त्रज्ञ. ती नोकरी सोडून ते खेड्यात आले होते. या दोन संस्थांनी राज्य सरकारकडे परवानगी मागितली आणि १९७२ साली ती मिळाली. १६ सरकारी मिडल स्कूल, सहावी ते आठवीचे वर्ग, आणि विज्ञान शिकवण्याच्या पद्धतीत, पुस्तकात, पुढे परीक्षेतही बदल करण्याची मोकळीक. सरकारी शाळेच्या चालू गाड्यात बाहेरच्या लोकांना इतकी मोकळीक देणे, ही त्या काळच्या अधिकाऱ्यांनीही घेतलेली मोठी जोखीम होती.

शिक्षकांचे पहिले प्रशिक्षण रसूलियाला झाले. खेड्यातल्या मिडल स्कूलचे हे शिक्षक. अनेकांचे स्वतःचे शिक्षण विज्ञानाचे नव्हते आणि कित्येकांनी परीक्षानळी हातातही धरलेली नव्हती. त्यांना व्याख्याने दिली गेली नाहीत. चार-चार जणांच्या गटात बसून त्यांनी तेच प्रयोग केले, जे पुढे त्यांची मुले करणार होती. प्रयोग फसला तर का फसला, यावर चर्चा व्हायची. समोर संशोधन संस्थेतला शास्त्रज्ञ असला तरी शिक्षकाने विचारलेल्या साध्या प्रश्नाने तोही अडायचा आणि मग दोघे मिळून उत्तर शोधायचे. दुसऱ्या वर्षापासून दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक यात सामील झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पाठबळाने त्यांना शाळांमध्ये मुक्काम करता आला. विद्यापीठातला प्राध्यापक खेड्यातल्या सहावीच्या वर्गात मागच्या पट्टीवर बसून मुलांचे बोलणे टिपून घेतो, हे दृश्य देशाला नवीन होते.

या सगळ्यातून जे पुस्तक घडत गेले, त्याचे नाव ‘बाल वैज्ञानिक’.

त्यातला सहावीचा एक धडा जवळून पाहण्यासारखा आहे: ‘जड और पत्ती’, म्हणजे मूळ आणि पान. मुलांनी शाळेबाहेर जाऊन लहान लहान रोपे मुळासकट उपटून आणायची. गवत, गहू, ज्वारी, हरभरा, तुळस, बांधावरचे तण, जे मिळेल ते. मुळावरची माती धुवायची. मग एक तक्ता करायचा. मूळ कसे आहे? मध्ये एक जाड मूळ आणि त्याला फुटलेली बारीक मुळे, की सगळी सारखीच तंतूंसारखी? पानावरच्या शिरा कशा आहेत? जाळीसारख्या गुंतलेल्या, की एकमेकींना समांतर? गटातल्या चौघांचा तक्ता भरला की सगळ्या वर्गाची रोपे एकत्र मांडून पाहायची. तक्ता वाचता वाचता एखाद्या मुलीच्या लक्षात येते की ज्या रोपाला सोटमूळ आहे, त्याच्या पानात जाळी आहे. ज्याला तंतुमुळे आहेत, त्याच्या शिरा समांतर आहेत. मग नुसते पान दाखवून मूळ ओळखण्याचा खेळ सुरू होतो आणि रोप उपटून खातरजमा केली जाते.

एकदलिकित आणि द्विदलिकित हे शब्द पाठ करून मूल हीच माहिती पाच मिनिटांत लिहू शकते. फरक इतकाच की इथे नियम मुलांच्या तक्त्यातून वर आला. तो पुस्तकात छापलेला नव्हता. एखादे रोप नियमात बसले नाही तर ते बाजूला टाकायचे नाही, पुन्हा बघायचे. मूळ तुटून आले होते का? पान कोवळे होते का? की हे रोप खरेच वेगळे आहे? अपवाद हाताळण्याची ही सवय विज्ञानाचा गाभा आहे आणि ती कोणत्याही व्याख्येतून मिळत नाही.

मोजमापाच्या धड्यांतही हेच धोरण होते. एकच लांबी वर्गातल्या सगळ्यांनी मोजायची. सगळ्यांची मापे सारखी येत नाहीत, हे पाहून मुले आधी एकमेकांना चुकीचे ठरवतात. पुस्तक त्यांना थांबवते आणि सगळी मापे ओळीने मांडायला सांगते. कोणते माप जास्त वेळा आले, सगळ्यांत मोठे आणि सगळ्यांत लहान किती, फरक का पडला असेल? अचूक माप म्हणजे नेमके काय, हा गंभीर प्रश्न अकरा-बारा वर्षांच्या मुलापुढे असा सहज येऊन उभा राहतो. नाणी उडवून, आलेले छापे-काटे मोजून संभाव्यतेचा अंदाज घेण्याचा धडाही या पुस्तकात होता. संभाव्यता हा महाविद्यालयात शिकवण्याचा विषय मानला जाई, त्या काळातली ही गोष्ट. एका गटाच्या मोजणीत दिसणारा गोंधळ सगळ्या वर्गाची आकडेवारी एकत्र केल्यावर कसा निवळत जातो, हे मुले आलेखावर स्वतः पाहत.

असे धडे एका बैठकीत लिहून होत नाहीत. होशंगाबादच्या पद्धतीचे खरे वैशिष्ट्य लिहिण्यानंतरच्या टप्प्यात होते. धड्याचा मसुदा आधी शिक्षकांच्या प्रशिक्षणात जायचा. शिक्षक तो करून पाहायचे आणि सूचना कुठे कळत नाही, साहित्य कुठे कमी पडते, वेळ किती लागतो, ते सांगायचे. दुरुस्त मसुदा वर्गात जायचा. कार्यक्रमातले लोक शाळांना भेटी देऊन तो चालताना पाहायचे. या भेटींना ‘अनुवर्तन’ म्हणत. जवळपासच्या शाळांसाठी मिळून एक ‘संगम केंद्र’ असे. तिथे दर महिन्याला शिक्षकांची ‘मासिक गोष्ठी’ भरायची. पुढच्या महिन्यातले धडे, मागच्या महिन्यातल्या अडचणी, मुलांनी विचारलेले आणि मास्तरांना न सुटलेले प्रश्न, सगळे तिथे मांडले जायचे. या गोष्ठींमधून, भेटींच्या टिपणांमधून आणि उत्तरपत्रिकांमधून जे कळे, ते पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत उतरायचे.

‘बाल वैज्ञानिक’ राज्याच्या पाठ्यपुस्तक निगमातर्फे १९७८ पासून छापले जाऊ लागले. १९८७ पासून त्याची दुसरी आवृत्ती येत गेली आणि २००० च्या सुमारास तिसरी सुरू झाली. प्रत्येक वेळी धडे नव्याने लिहिले गेले, काही गळले, काही नवे आले. पुस्तकाबरोबर ‘किट कॉपी’ असे: कापून वापरायचे आलेखकागद, तक्ते, आकृत्या. प्रयोगात लागणारी कागदाची वस्तू मुलाच्या स्वतःच्या हातात असावी, एवढा बारीक विचार त्यामागे होता.

पुस्तक बदलले आणि परीक्षा तीच राहिली, तर पुस्तक हरते. कार्यक्रमातल्या लोकांनी हे लवकर ओळखले. आठवीला बोर्डाची परीक्षा होती. राज्य सरकारने या शाळांसाठी विज्ञानाची वेगळी परीक्षा मान्य केली. लेखी परीक्षेला मुलांनी पुस्तक आणि वर्षभराच्या नोंदींची वही घेऊन बसायचे आणि जोडीला प्रत्यक्ष प्रयोगाची परीक्षा द्यायची. पुस्तक उघडे असल्यामुळे ‘व्याख्या लिहा’ हा प्रश्नच बाद झाला. मुलांपुढे नवी आकडेवारी यायची, न पाहिलेल्या प्रयोगाचे वर्णन यायचे, आणि त्यातून काय निघते ते विचारले जायचे. अशा प्रश्नपत्रिका काढणे हे कष्टाचे काम होते आणि त्यासाठी शिक्षकांच्या कार्यशाळा घ्याव्या लागत. पाठांतराची सवय असलेल्या व्यवस्थेत ही परीक्षा वर्षानुवर्षे सरकारी मंडळाच्या चौकटीत पार पडली, ही गोष्ट आजही थक्क करते.

पुस्तकात आणखी एक माणूस होता: सवालीराम. हे पात्र काल्पनिक, पण त्याचा पत्ता खरा. मनात आलेला कोणताही प्रश्न सवालीरामला पत्र लिहून विचारायचा, आणि मुले खरोखरच पत्रे लिहीत. कार्यक्रमातले लोक, प्राध्यापक आणि शास्त्रज्ञ मिळून त्यांना उत्तरे पाठवत. मुलांच्या डोक्यात नेमके काय चालले आहे, पुस्तक वाचून त्यांना कोणते प्रश्न पडतात आणि कोणते पडतच नाहीत, हे कळण्याची ती एक खिडकी होती. पुस्तकाच्या मूल्यमापनात मुलाचे म्हणणे धरायचे, तर त्याला पोस्टकार्ड लिहायची जागा द्यावी लागते, हे इथे कुणाला तरी सुचले आणि ते टिकले.

१९७८ साली कार्यक्रम सोळा शाळांवरून होशंगाबाद जिल्ह्यातल्या सगळ्या मिडल स्कूलमध्ये गेला. या शाळा दोनशेहून अधिक होत्या. इथे साहित्याच्या निवडीची कसोटी बदलली. सोळा शाळांना लागणारी भिंगे, चुंबके, परीक्षानळ्या कार्यकर्ते पिशवीतून पोचवू शकत होते. दोनशे शाळांसाठी सरकारी खरेदी, गोदाम, वाटप, तुटफुटीची भरपाई हे सगळे आले. चांगल्या धड्यातली एक साधी वस्तू वेळेवर पोचली नाही की तो धडा वर्गात होत नसे. साहित्य स्थानिक असावे, स्वस्त असावे, शिक्षकाला गावातच पर्याय सापडावा, हा आग्रह म्हणूनच तत्त्वाइतकाच व्यवहाराचाही होता.

त्याच वर्षी पुण्याच्या टेल्को कारखान्यातला एक तरुण अभियंता रजा घेऊन किशोर भारतीत आला. त्याचे नाव अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरला शिकत असताना त्याने अनिल सद्गोपालांचे व्याख्यान ऐकले होते. आठवडी बाजारातल्या स्वस्त वस्तू हेच त्याने प्रयोगसाहित्य मानले. सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी आणि आगपेटीच्या काड्या घेतल्या. नळीच्या तुकड्याने काड्यांची टोके जोडली की त्रिकोण, चौकोन, घन, अगदी घुमटही उभा राहतो. त्रिकोण दाबला तरी ढळत नाही, चौकोन मात्र कलतो, हे मूल हाताने अनुभवते. पुलाच्या कमानीत आणि छपराच्या कैचीत त्रिकोण का असतात, ते मग वेगळे सांगावे लागत नाही. काड्यांची ही ‘मॅचस्टिक मेकॅनो’ देशभर पसरली. पुढे गुप्तांनी पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षे काम केले. नर्मदाकाठच्या बाजारात सापडलेली प्रयोगसाहित्याची दृष्टी तिथे पुण्यातल्या शाळकरी मुलांच्या हाती आली.

१९८२ साली हे काम पुढे नेण्यासाठी ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन झाली. पुढच्या काळात कार्यक्रम मध्य प्रदेशातल्या १५ जिल्ह्यांमध्ये पोचला. अखेरच्या वर्षांत सुमारे एक हजार शाळा आणि एक लाख मुले त्यात होती. गुजरात आणि राजस्थानातही या धर्तीवर काही शाळांत काम झाले.

आक्षेप सुरुवातीपासून होते आणि त्यांतले काही गांभीर्याने घ्यावे असेच होते. मिडल स्कूलमध्ये अणू-रेणू शिकवायचे की नाही, हा त्यांतला सर्वांत मोठा. कार्यक्रमातल्या शास्त्रज्ञांचे मत असे की ज्या कल्पनेचा पुरावा या वयात मुलाला देता येत नाही, ती श्रद्धेने मान्य करायला लावणे विज्ञानाच्या विरुद्ध आहे. म्हणून ती पुढच्या इयत्तांसाठी ठेवावी. पालक आणि काही शिक्षक म्हणत की शेजारच्या जिल्ह्यातले मूल सूत्रे लिहिते आणि आमचे मूल नववीत गेल्यावर मागे पडते. दोन्ही बाजूंना वजन आहे. साहित्याची निवड म्हणजे काय गाळायचे याचीही निवड असते, आणि गाळलेल्या गोष्टीची किंमत लेखक मोजत नाहीत, मुले मोजतात. म्हणून अशा निर्णयाचा पुन्हा पुन्हा हिशेब घ्यावा लागतो. आवृत्ती बदलताना हा वाद परत परत पुढे आला, हे या पद्धतीच्या प्रामाणिकपणाचेच लक्षण होते.

दुसरी अडचण शिक्षकांची. प्रशिक्षित शिक्षकाची बदली झाली की त्याच्या जागी नवा येई आणि पुस्तक परके होऊन बसे. गाइडे बाजारात आली, प्रयोगांची तयार उत्तरे विकली जाऊ लागली. जिथे मासिक गोष्ठी नियमित होत, तिथे काम टिके. जिथे त्या थंडावत, तिथे ‘बाल वैज्ञानिक’सुद्धा फळ्यावरून उतरवून घेतले जाई.

नव्वदच्या सुमारास कार्यक्रम राज्यभर न्यावा असा विचार पुढे आला आणि त्याचा औपचारिक आढावाही घेतला गेला, पण विस्तार झाला नाही. २००२ साली होशंगाबादच्या जिल्हा नियोजन समितीने कार्यक्रम बंद करण्याची शिफारस केली. देशभरातल्या शास्त्रज्ञांनी आणि शिक्षणतज्ज्ञांनी सरकारला पत्रे लिहिली, शिक्षकांनी निवेदने दिली. तरीही नव्या शैक्षणिक वर्षाच्या तोंडावर राज्य सरकारचा आदेश निघाला आणि या शाळांमध्ये राज्यात इतरत्र चालणारी पुस्तके आली. वर्गातल्या पुराव्यावर तीस वर्षे तपासत आणलेल्या पुस्तकाचा निकाल अखेर वर्गाबाहेर लागला. त्या निर्णयाची हळहळ होशंगाबादच्या जुन्या शिक्षकांइतकीच विज्ञान शिक्षणाची आस असलेल्या कुणालाही वाटावी अशी आहे. या सगळ्याचा तपशीलवार इतिहास सुशील जोशी यांनी ‘जश्न-ए-तालीम’ या हिंदी पुस्तकात लिहून ठेवला आहे.

मुंबईत सुरू झालेला धागा महाराष्ट्रातही पुढे गेला. १९७४ साली टाटा संशोधन संस्थेने होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन केले. त्याच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातल्या ग्रामीण शाळांमध्ये झाले. तिथे आणि नंतरच्या प्रकल्पांत कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक वेगळाच अडसर दिसला: पाठ्यपुस्तकाची मराठी. लांब वाक्ये, संस्कृतप्रचुर शब्द, कर्मणी प्रयोग. मुलाला विज्ञान अवघड जाते असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्याला भाषाच कळलेली नसते. वि. गो. कुलकर्णी आणि वि. गं. गंभीर यांनी भाषेच्या या अडथळ्यावरचा अभ्यास १९८१ साली प्रसिद्ध केला. पुस्तक पारखताना माहिती आणि प्रयोग यांच्याबरोबर वाक्यही मुलासमोर ठेवून पाहावे लागते, ही महाराष्ट्रातल्या वर्गांनी घातलेली भर आहे.

राष्ट्रीय पातळीवर २००५चा अभ्यासक्रम आराखडा तयार झाला, तेव्हा त्याच्या सुकाणू समितीचे अध्यक्ष प्रा. यशपाल होते. टाटा संशोधन संस्थेतले हे शास्त्रज्ञ होशंगाबादच्या कामाचे सुरुवातीपासूनचे पाठीराखे. १९९३ साली त्यांच्याच समितीने शाळकरी मुलांवरच्या ओझ्याबद्दलचा अहवाल दिला होता. नव्या आराखड्यानंतर एनसीईआरटीच्या विज्ञानाच्या पुस्तकांत हाताने करून पाहण्याच्या कृतींना मोठी जागा मिळाली. एकलव्यच्या ‘शैक्षणिक संदर्भ’ या हिंदी नियतकालिकाच्या प्रेरणेने पुण्यातून त्याच नावाचे मराठी नियतकालिक निघू लागले आणि मराठी शिक्षकांच्या हाती या परंपरेतले लेखन आले.

कृती पुस्तकात छापली गेली. ती वर्गात होते का, हे पाहणारी यंत्रणा मात्र तितकीशी उभी राहिली नाही. शाळांसाठी विज्ञान पेट्या आजही निविदा काढून घेतल्या जातात, पुस्तके समित्यांपुढे येतात. होशंगाबादने त्यासाठी लागणारी सगळी अवजारे करून दाखवली आहेत: मसुदा आधी शिक्षकांच्या हाती देणे, मागच्या पट्टीवर बसून वर्ग पाहणे, महिन्याची बैठक, मुलांची पत्रे, पुस्तकाशी जुळणारी परीक्षा आणि ठरावीक वर्षांनी नवी आवृत्ती. यांतले एकही महाग नाही. एखाद्या जिल्हा परिषदेला पुढच्या खरेदीआधी आपल्या दहा-पंधरा शाळांमध्ये एखादा धडा आणि एखादी पेटी वर्षभर अशी चालवून बघायची असेल, तर त्यासाठी लागणारी मंजुरी तिच्या स्वतःच्या शिक्षण विभागातच मिळू शकते.